अळणी अभिनय आणि टीकाकाराची जीभ



नरडाण्याच्या स्टेशनावर एकदा मी भुसावळकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. गाडीला उशीर होता. शेजारच्या बाकावर दोन शेतकरी गृहस्थ बसले होते. त्यांतला एक आदल्या रात्री यात्रेतला तमाशा पाहून आलेला. दुसऱ्याने विचारले, "मग, कसा व्हता तमाशा?" पहिल्याने तंबाखू मळता मळता उत्तर दिले, "काय नही भाऊ, नुसत्या पाट्या टाक्यात त्यासनी!"

झाले, परीक्षण संपले. वर्तमानपत्रातल्या टीकाकाराला ज्यासाठी दीड रकाना लागला असता, ते या गृहस्थाने एका वाक्यात उरकले. पण गाडीत बसल्यावर ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. अभिनय वाईट झाला, असे तो म्हणाला नव्हता. नट चुकले, भाषण विसरले, असेही नाही. सगळे जागच्या जागी झाले होते, तरी त्याला काही मिळाले नव्हते. अशा कामाला नाव द्यायचे कसे, हा प्रश्न फार जुना आहे आणि त्या प्रश्नालाही एक इतिहास आहे. तोच आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

वाईट अभिनयावर लिहिणे सोपे असते. नट घसा फोडून ओरडला, मिशी गळून पडली, तर लिहिणाऱ्याला आयते खाद्य मिळते. उत्तम अभिनयावर लिहिणेही त्या मानाने सोपे, कारण मन भरून आलेले असते. खरी पंचाईत होते ती मधल्या कामाची. ना चांगले, ना वाईट. अशा कामासाठी मराठीने जे शब्द तयार केले, ते जरा निवडून पाहू.

पहिला गट स्वयंपाकघरातला. अळणी, सपक, बेचव, मिळमिळीत, पाणचट. आपल्या अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो, डोळ्याचा डोया होतो, तशी अळणी भाजीही अयनी होते. हे शब्द अभिनयाला लावणे ही काही आजची कल्पना नव्हे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात रस म्हणजे काय हे समजावताना अन्नाचाच दाखला दिला आहे. नाना प्रकारच्या व्यंजनांनी सिद्ध झालेले अन्न खाताना माणसाला जसा स्वाद येतो, तसा भावांनी आणि अभिनयांनी युक्त अशा प्रयोगात प्रेक्षकाला स्वाद येतो, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे 'नाटक नीरस झाले' असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा नकळत त्या जुन्या शास्त्राचीच भाषा बोलत असतो.

दुसरा गट रंगाचा. नाटक रंगले नाही, काम फिके झाले, प्रयोग बेरंग झाला. कीर्तनालाही आपण हाच शब्द लावतो. यात एक मजा आहे. भाजी अळणी झाली तर दोष स्वयंपाक करणाऱ्याचा. पण 'रंगले नाही' असे म्हटले की दोष एकट्या नटावर जात नाही. रंग चढायला वर उभा राहणारा आणि खाली बसणारा, दोघे लागतात.

तिसरा गट लाकडाचा आणि दगडाचा. ठोकळा, पुतळा, खांब. इंग्रजी टीकाकारही अशा नटाला लाकडीच म्हणतात. चौथा गट प्राणाचा. निर्जीव, मरगळलेला, मुर्दाड. आणि पाचवा गट कामाचा, मजुरीचा. उरकणे, वेठ मारणे आणि आमच्या बाकावरच्या गृहस्थाचे पाट्या टाकणे.

हा शेवटचा शब्द मला सर्वांत बोलका वाटतो. मातीकाम ज्यांनी पाहिले आहे त्यांना तो फोडून सांगायला नको. पाटी भरायची, उचलायची, टाकायची, परत यायचे. मोजणी पाटीची असली की पाटी काठोकाठ भरली काय आणि अर्धी भरली काय, हिशेबात एकच. नट जेव्हा वाक्ये अशी टाकतो, म्हणजे आकडा पुरा पण माती अर्धी, तेव्हा प्रेक्षकाला ते बरोबर कळते. त्याने स्वतः पाट्या उचललेल्या असतात ना!

पाच गट, आणि तुम्ही नीट पाहाल तर पाच निरनिराळी दुखणी. ज्याने भूमिकेत स्वतःचे काही घातले नाही तो अळणी. ज्याची प्रेक्षकांशी गाठच पडली नाही तो फिका. ज्याला सभाधीटपणा नाही, अंग मोकळे झाले नाही, तो ठोकळा. जो थकला आहे तो निर्जीव. आणि ज्याला येते पण करायचे नाही, तो पाट्या टाकणारा. पाचांना एकच औषध चालेल का? ठोकळ्याला तालीम द्यावी लागेल, थकलेल्याला विश्रांती द्यावी लागेल. पाट्या टाकणाऱ्याला मात्र लाजच वाटावी लागेल.

आता इतिहासाकडे वळू. मराठी रंगभूमीचा आरंभ आपण १८४३ सालापासून धरतो. त्या वर्षी सांगलीला विष्णुदास भावे यांनी सीतास्वयंवराचा खेळ केला. त्या काळच्या पौराणिक खेळांत पदे सूत्रधार म्हणायचा आणि पात्रे आयत्या वेळी सुचेल तसे बोलायची. राक्षस रंगमंचावर यायचा तो आरोळ्या ठोकीत, तलवार परजीत. त्या आरोळीवरून या नाटकांना 'अललडुर्र' नाटके असे थट्टेचे नावच पडले. त्या काळी तक्रार होती ती अतिरेकाची. अळणीपणाची तक्रार करायला तिथे जागाच नव्हती.

ती जागा निर्माण झाली ती छापील पुस्तकामुळे. १८६१ साली वि. ज. कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' हे नाटक प्रसिद्ध झाले. पुढे संस्कृतातली आणि इंग्रजीतली नाटके मराठीत आली. त्यांना लोक 'बुकिश' नाटके म्हणत. पूर्वी पात्र आपल्या मनाचे बोलत असे. आता त्याला दुसऱ्याने लिहिलेले, शब्दन् शब्द पाठ करून, जणू स्वतःला आत्ताच सुचले असे बोलायचे होते. हे सोपे नव्हे. पोपटपंची, छापील बोलणे, पाठ म्हणणे ही जी नावे आपण ठेवतो, ती सगळी या नव्या अडचणीची नावे आहेत. शिक्षकांना हे लगेच पटेल. वर्गात कविता 'म्हणणारा' मुलगा आणि कविता 'सांगणारा' मुलगा, यांतला फरक ते रोज पाहतात.

ही अडचण ओलांडणारे नटही याच काळात झाले. आगरकरांनी शेक्सपिअरच्या हॅम्लेटचे 'विकारविलसित' नावाचे रूपांतर केले, ते १८८३ साली प्रसिद्ध झाले. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशी यांनी त्यातली मुख्य भूमिका अशी केली की पुढची कित्येक वर्षे मराठी माणसाच्या मनात गद्य अभिनयाचे मोजमाप म्हणजे गणपतराव, असेच समीकरण होऊन बसले.

दुसरीकडे ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे संगीत शाकुंतल रंगभूमीवर आले आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. या युगात परीक्षणाचा भार गाण्यावर पडला. प्रेक्षक पसंती देत ती 'वन्समोअर' म्हणून. एखाद्या पदाला वन्समोअर न मिळणे हाच त्या पदावरचा अभिप्राय. पण यामुळे असे झाले की गाणे उत्तम आणि मधले भाषण सपक असले तरी खपू लागले. भाजी अळणी, पण लोणचे झणझणीत, अशातला प्रकार.

मग चित्रपट आला. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला आणि १९३२ साली 'अयोध्येचा राजा' या बोलपटाने पडदा मराठीत बोलू लागला. आता नटापुढे प्रेक्षक नव्हता. वन्समोअर नव्हता. होता तो कॅमेरा, आणि तो डोळ्यांच्या पापणीपर्यंत येऊन ठेपणारा. रंगभूमीवर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचण्यासाठी केलेला हावभाव इथे अवजड दिसू लागला आणि नुसत्या गोड गळ्याने भागेना.

याचे एक उदाहरण मला फार शिकवून जाते. बालगंधर्व म्हणजे मराठी रंगभूमीचे लाडके दैवत. लहानपणी ते काही काळ जळगावात होते, तिथे त्यांना गाण्याची तालीम मिळाली. त्यामुळे खान्देशालाही त्यांच्याविषयी आपलेपणा आहे. रुक्मिणी, भामिनी, सिंधू या त्यांच्या स्त्रीभूमिका ज्यांनी पाहिल्या, ते जन्मभर त्याच सांगत राहिले. १९३५ साली प्रभात कंपनीच्या 'धर्मात्मा' या चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. दिग्दर्शक व्ही. शांताराम. विषय अस्पृश्यतेविरुद्धचा, काळजाला हात घालणारा. पण रंगभूमीवरच्या त्यांच्या कीर्तीच्या मानाने ही भूमिका फिकी ठरली. बालगंधर्व पुन्हा नाटकाकडे वळले.

आणि गंमत पाहा. पुढच्याच वर्षी, १९३६ साली, त्याच प्रभात कंपनीने 'संत तुकाराम' काढला. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. तुकारामांचे काम विष्णुपंत पागनीस यांनी केले. पागनीसही तरुणपणी नाटकात स्त्रीभूमिका करीत असत. म्हणजे कंपनी तीच, संताचीच कथा, आणि दोन्ही नट स्त्रीभूमिकांच्या परंपरेतले. पण पागनीसांचा तुकाराम लोकांच्या मनात असा बसला की तुकाराम म्हटला की कित्येकांच्या डोळ्यांपुढे तोच चेहरा येतो. चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला.

आता तुम्ही तो चित्रपट पाहा. पागनीस त्यात फारसे काही 'करीत' नाहीत. हातवारे नाहीत, डोळे फिरवणे नाही. आवली चिडते, ओरडते, पायतली वहाण उगारते, आणि हे आपले शांत. वरवर पाहणाऱ्याला हा अभिनय मंद वाटेल. पण त्या मंदपणात भजनात मुरलेल्या माणसाचे समाधान आहे. तेव्हा थोडे करणे म्हणजे फिके करणे नव्हे. फिकेपणा कामाच्या मापावर ठरत नाही. आत काही पेटले आहे की नाही, यावर तो ठरतो.

हाच धडा १९३३ साली रंगभूमीवरही गिरवला गेला होता. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक आणले. घरातल्यासारखे घर, बोलण्यासारखे बोलणे, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केलेल्या. केशवराव दात्यांसारखा नट त्यात होता. ज्यांचे कान पल्लेदार भाषणांना आणि रात्रभरच्या गाण्यांना सरावले होते, त्यांना हे नवे बोलणे आरंभी सपक लागले असेल तर नवल नाही. आपण खान्देशी माणसे. काळ्या मसाल्याची शेवभाजी आणि मिरचीचा ठेचा घातलेले भरीत खाणारी. परगावी गेलो आणि साधी आमटी पुढे आली की 'काय अळणी आहे' म्हणून मोकळे होतो. दोष आमटीचा की आपल्या जिभेचा, हे कोण तपासतो?

टीकाकाराने आपली जीभ तपासावी म्हणतो ते यासाठी. न्यूयॉर्कला १९३३ च्या डिसेंबरात 'द लेक' नावाचे नाटक लागले. त्यात कॅथरिन हेपबर्न ही तरुण नटी होती. डोरोथी पार्कर या फटकळ लेखिकेच्या नावावर त्या वेळचा एक शेरा सांगतात. ही बाई भावनांचा सगळा पल्ला दाखवते, पण 'अ'पासून 'ब'पर्यंतचा! लोक खूप हसले. नाटक पडलेही. पण त्याच हेपबर्नबाईंना पुढे उत्कृष्ट अभिनेत्री म्हणून चार वेळा ऑस्कर मिळाले. शेरा त्या रात्रीपुरता खरा असेलही. पण तो त्या रात्रीपुरता राहिला नाही, नव्वद वर्षे झाली तरी लोक तो सांगतातच आहेत. चटकदार वाक्याचा हा धोका असतो.

आपल्याकडच्या परीक्षणांत दोष उलट दिशेचा आहे. चार नटांविषयी लिहून झाले की शेवटी एक ओळ येते. 'इतरांची कामे यथायोग्य झाली', 'अमक्याने भूमिकेला न्याय दिला'. न्याय दिला म्हणजे काय केले? हे वाक्य वाचून त्या नटाला काय कळावे? ज्याला आपण अळणी म्हणतो त्याच्यावर लिहिलेली ही ओळ त्याच्याहून अळणी असते. इथे टीकाकारच पाट्या टाकतो.

याउलट जुन्या काळचा एक दाखला पाहा. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्र' नाटकात दोन नाट्याचार्यांचा वाद लागतो आणि परीक्षक म्हणून परिव्राजिका कौशिकीला नेमतात. विदर्भाची राजकन्या मालविका नृत्य करते. कौशिकी निर्णय देते, पण नुसते 'छान' म्हणत नाही. अंगांनी अर्थ कसा व्यक्त झाला, पावले लयीत कशी पडली, रसाशी ती कशी एकरूप झाली, हे एकेक सांगते. निर्णयाबरोबर कारण देते. आजच्या परीक्षकानेही याहून अधिक काही करायला नको.

हे सगळे मी तुम्हांला एवढ्या आग्रहाने का सांगतो आहे, ते आता सांगतो. काही वर्षांपूर्वी नरडाण्याच्या आसपासच्याच एका गावी शाळांच्या नाट्यस्पर्धेला मी परीक्षक होतो. एका नाटुकलीत नववीतली एक मुलगी आईचे काम करीत होती. मुलगा गेल्याची बातमी येते, असा प्रसंग. इतर शाळांच्या मुलींनी अशा प्रसंगी हंबरडा फोडला होता. ही मुलगी जागची हलली नाही. हातातले सूप तसेच धरून उभी राहिली. मी घड्याळ पाहिले. पुढे तीन नाटुकल्या बाकी होत्या. कागदावर मी लिहिले, 'अभिनय निर्जीव', आणि पुढच्या कागदाला हात घातला.

कार्यक्रम संपल्यावर मांडवाच्या दाराशी एक म्हातारी आजी भेटल्या. मी परीक्षक आहे हे त्यांना कुणीतरी सांगितले असावे. मला म्हणाल्या, "मास्तर, ती पोर बोलनी नही, पन माले तिनामा मन्ही माय दिसनी." त्यांचा भाऊ गेल्याचे कळले तेव्हा त्यांची आई अशीच उभी राहिली होती म्हणे. मग मला आठवले, त्या वेळी मांडवात लहान मूलही रडले नव्हते. नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या यशाचे दोन प्रकार सांगितले आहेत. हसू, टाळ्या, शाबासकी, आसवे हे मानुषी सिद्धीचे. आणि प्रेक्षागृह भरलेले असून आवाज नाही, गडबड नाही, ही दैविकी सिद्धी. मी हे वर्गात अनेकदा शिकवले होते. प्रत्यक्ष समोर आले तेव्हा ओळखले नाही.

कागद तोवर लिफाफ्यात गेले होते. दुसऱ्या वर्षी त्या शाळेचे गुरुजी भेटले. मी मुलीची चौकशी केली. ते म्हणाले, "ती यंदा नाही उतरली सर. मला येत नाही, परीक्षकांनी लिहूनच दिले आहे, असे म्हणते." मी त्यांच्याबरोबर चिठ्ठी पाठवली. माझी चूक झाली, असे स्पष्ट लिहिले. तोवर तिचे दहावीचे वर्ष अर्धे सरले होते. पुढे तिने काम केले की नाही, मला कळले नाही.

नरडाण्याहून आग्रा रोडने तापी ओलांडली की शिरपूर लागते. स्मिता पाटील यांचे घराणे तिथले. त्या आधी मुंबईच्या दूरदर्शनवर बातम्या वाचीत, आणि तिथूनच त्या चित्रपटात गेल्या. 'भूमिका' आणि 'चक्र' या चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. 'जैत रे जैत' आणि 'उंबरठा' तर आपल्या मराठीतलेच. १३ डिसेंबर १९८६ रोजी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, त्या गेल्या. त्यांच्या चित्रपटांत कित्येक प्रसंग असे आहेत की त्या नुसत्या पाहतात आणि आपल्याला सगळे कळते. घड्याळाकडे डोळा ठेवून बसलेला माझ्यासारखा परीक्षक त्यांना भेटला असता तर त्याने काय लिहिले असते, हा विचार मला अजून छळतो.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, स्नेहसंमेलनाच्या वेळी परीक्षकाचा कागद तुमच्या हाती आला तर एवढे करा. 'निर्जीव', 'ठीक', 'बरा' असा एकच शब्द लिहू नका. कुठल्या प्रसंगी तुमचे मन सुटले, ते लिहा. तिथे नटाने काय केले किंवा काय केले नाही, ते लिहा. मग त्याचे कारण कोणते दिसते, भीती, थकवा, पाठांतर की बेपर्वाई, ते लिहा. आणि लिहिण्यापूर्वी एकदा मांडवाकडे पाहा. माणसे बिडी ओढायला बाहेर निघाली आहेत, की श्वास धरून बसली आहेत?

ग्रामीण श्रोत्यांना मी काय सांगणार? तुमच्याजवळ शब्द आहेत आणि ते आमच्या शब्दांहून सरस आहेत. फक्त यात्रेतून घरी जाताना 'पाट्या टाक्यात' म्हणालात की पुढचा एक प्रश्न जरूर विचारा. कुणी टाकल्या, आणि कुठे? फडातला एखादा नवखा पोरगा त्या रात्री पाटी काठोकाठ भरून उचलीत असेल. त्याचे नाव विचारून घ्या, आणि पुढच्या वर्षी फड आला की त्याला त्या नावाने हाक मारा.